तंबूशाळेतली फुकटची जागा

"रानातल्या पोरीला रान दाखवणार म्हणे! मग मलाही धाडा कुठंतरी, म्हातारपण शिकून येते," म्हातारी म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर खोकला येईपर्यंत हसली.

सून हसली नाही. ती टेकडीवरच्या तंबूशाळेत स्वयंपाकीण होती आणि तंबूशाळेची थट्टा तिला खपत नसे. शहरातल्या शाळा आपली पोरं तिथं आठवडा-आठवडा धाडत. पोरं तंबूत झोपत, डोंगर चढत, पक्षी ओळखत, आपलं ताट आपण घासत आणि परत जात. खालच्या वस्तीला हे निव्वळ खूळ वाटे. आपण जन्मभर उघड्यावर झोपलो त्याचं कोणी कौतुक केलं नाही, आणि ही पोरं पैसे भरून डास चावून घेतात, असं लोक म्हणत. त्यांचं काही चूक नव्हतं. पण स्वयंपाकिणीनं खिडकीतून जे पाहिलं होतं ते वस्तीनं पाहिलं नव्हतं. आल्या दिवशी पाल बघून किंचाळणारं पोर जायच्या दिवशी दुसऱ्याची पिशवी पाठीवर घेऊन चढ चढताना तिनं पाहिलं होतं. कुणा डॉक्टरची मुलगी, आल्यापासून आईसाठी रडणारी, निघताना मुद्दाम स्वयंपाकघरात आली आणि "मावशी, तुम्ही झोपता कधी?" असं विचारून गेली. तंबूशाळेत पोर माणसात येतं, हे तिचं मत होतं आणि ते तिनं कुणाला विचारून बनवलं नव्हतं.

तिच्या पोरीला झाडं ओळखायला शिकायची काही गरज नव्हती. टिटवीसारखे काटकुळे पाय आणि टिटवीसारखाच आवाज, म्हणून पोरीला घरीदारी टिटवीच म्हणत. वस्तीत ती कुणाच्या बापाला ऐकायची नाही. पण कोणी बूट घातलेलं माणूस समोर आलं की तिची मान खाली जायची आणि आवाज घशात अडकायचा. आईचीही मान तशीच होती आणि आईच्या आईचीही. ही एक मान वर झाली तर आपला जन्म फुकट गेला नाही, असं स्वयंपाकिणीला वाटे. दुसरं तिला काही नको होतं.

तिचा नवरा गवळी. पण पाऊस लागोपाठ रुसला होता, टेकडीखालचं तळं आटून त्याच्या तळाला पाय अडकतील एवढ्या भेगा पडल्या होत्या, आणि चारा मिळेना तशी एकेक म्हैस दावणीवरून गेली होती. आता एकच उरली होती. काळी, थोराड, गाभण. व्यायला थोडेच दिवस होते, कास भरत चालली होती. ती व्याली की घरात दूध येणार, आणि दूध आलं की गवळी पुन्हा गवळी होणार. "तोवर तू नुसताच माणूस आहेस," म्हातारी लेकाला म्हणे.

म्हशीच्या पोटात महिनोन्‌महिने वाळक्या काड्यांशिवाय काही गेलं नव्हतं. स्वयंपाकीण तंबूशाळेतला उरलासुरला भात आणि कणकेचे गोळे डब्यातून घरी आणायची. त्यातली एक ओंजळ गवळी स्वतः काड्यांत कालवून म्हशीला घालायचा. एकदा म्हातारीनं मायेनं दुसरी ओंजळ टाकली तर त्यानं तिचं मनगट धरलं.

"आई, उपाशी पोटाला धान्य म्हणजे विस्तव. काड्या खाऊन खाऊन सुकलेलं पोट आहे ते. त्यात भात गेला की कुजतो, मग रवंथ बंद, मग जनावर बंद. माया करायची तर लांबून कर."

"बोलतो तरी कसा बघा, जसं काही मी जन्मात म्हैस बघितली नाही," म्हातारी करवादली. पण डब्याला तिनं परत हात लावला नाही.

अशात मोठे सर टेकडी उतरून आले. मोठे सर म्हणजे तंबूशाळेचे चालक. पांढरी टोपी, गळ्यात दुर्बीण आणि बोलणं लोण्यासारखं. शहरातल्या मुलांना दूध पिशवीतून येतं एवढंच ठाऊक, तर एक दिवस त्यांना गोठा दाखवायचा, म्हशीच्या अंगावरून हात फिरवू द्यायचा, अंगणातच जेवण करायचं, असा त्यांचा बेत होता. बदल्यात वस्तीतल्या एका मुलाला ते तुकडीत फुकट घेणार होते.

"कुणाला घ्यायचं ते तुम्हीच ठरवा," असं म्हणून त्यांनी टिटवीकडं पाहिलं. टिटवी आईच्या मागं गेली.

सर गेल्यावर गवळी म्हणाला, "भीक नको पण कुत्रं आवर. गाभण जनावर आहे. एवढी पोरं अंगावर आली तर बुजेल."

"एका दुपारचा तर प्रश्न आहे."

"तुझ्या पोरीला तंबूत झोपायला मिळावं म्हणून मी म्हशीचं प्रदर्शन मांडू?"

"माझ्या एकटीची आहे का ती?"

"माझी आहे म्हणूनच सांगतो. चार दिवस तिथं राहील आणि पाचव्या दिवशी आपल्या घराला नाक मुरडेल."

"मुरडू दे. त्यासाठी का होईना, नाक वर तरी करेल."

गवळी उठून गोठ्यात गेला. पुढचे काही दिवस स्वयंपाकिणीनं त्याला जेवताना, निजताना, पाणी आणायला जाताना हेच ऐकवलं. थेंबाथेंबानं दगडही झिजतो. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. पण मी म्हशीपाशी उभा राहणार. खायला कोणी काही घालायचं नाही."

निघायच्या सकाळी आईनं टिटवीचे केस घट्ट विंचरले आणि विंचरता विंचरता बजावलं. "तिथं मला आई म्हणायचं नाही. सगळी पोरं मावशी म्हणतात, तूही मावशी म्हण. स्वयंपाकघराकडं फिरकायचं नाही. सरांना ठाऊक आहे तू कोण ते, बाकी कुणाला कळायचं काम नाही."

"का?"

"सांगते म्हणून."

टिटवीनं ते इतकं तंतोतंत पाळलं की आईचाच जीव वरखाली झाला. पहिल्या जेवणाला पंगतीत वाढताना ती टिटवीच्या ताटापाशी थोडी जास्त थांबली, तर पोर खाली बघून पुटपुटली, "पुरे, मावशी." स्वयंपाकीण आत गेली आणि एकदा धुतलेले तांदूळ तिनं परत धुतले.

तंबूत पोरींनी टिटवीला कडेची जागा दिली. एक चष्मेवाली मुलगी होती, सगळ्या तिच्या मागं मागं असायच्या. ती नाक धरून म्हणाली, "हिच्या केसांना धुराचा वास येतो." त्यानंतर टिटवीच्या शेजारचं अंथरूण रिकामंच राहिलं. टिटवी जेवायची भराभर, ताटाला डाव्या हाताचा आडोसा करून, कोणी ओढून घेईल अशा बेतानं, आणि पोरी ते एकमेकींना कोपरानं दाखवायच्या. डोंगर ती सगळ्यांच्या आधी चढायची आणि वर जाऊन एकटीच बसायची. पक्षी कोणता ते सर विचारायचे तेव्हा तिला उत्तर येत असायचं आणि ती बोटं मोडत बसायची.

शिट्टी घालून पोरांना हाकणारी एक तरुण ताई होती, नव्यानंच लागलेली. ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला आली की कुरकुरायची. "ती फुकटच्या जागेवरची मुलगी मिसळतच नाही हो कुणात. मुकी आहे की काय?"

स्वयंपाकीण भाजी चिरत राहिली. टिटवीला मुकी म्हणणारं माणूस तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिलं. पोर इथं माणसात यायचं सोडून उलट होती त्या माणसांतूनही उठली होती, आणि आठवडा सरत आला होता.

गोठ्याचा दिवस उजाडला. म्हातारीनं अंगण सारवून ठेवलं होतं. स्वयंपाकिणीनं भिंतीच्या आडोशाला दगडांची चूल मांडली. पोरं ओळीनं उतरली आणि गोठ्यापाशी येताच सगळ्यांनी एकजात नाकाला हात लावले. टिटवीनंही लावला. ज्या गोठ्यात ती रांगली त्या गोठ्यासमोर तिनं नाक धरलेलं आईनं बघितलं. गवळ्यानंही बघितलं आणि तो म्हशीची पाठ थोपटत राहिला.

मोठ्या सरांनी तुकडीचे दोन भाग केले. निम्मी मुलं ते तळ्याकडं नेणार होते. "गवळीदादा, तुम्ही चला बरोबर. पाणी कुठपर्यंत असायचं ते तुमच्या तोंडून ऐकू दे मुलांना."

"म्हैस एकटी..."

"अहो, ताई आहेत ना इथं. चला, चला."

गवळ्याचीही मान काही निराळ्या मातीची नव्हती. जाता जाता तो बायकोपाशी थांबला आणि हळूच म्हणाला, "लक्ष ठेव."

"हो," ती म्हणाली.

ती मंडळी वळणाआड होताच शिट्टीवाली ताई चुलीपाशी आली. "मावशी, म्हशीला द्यायला काही आहे का? मुलांना हातानं भरवायचंय." उरलेला भात आणि कणीक बादलीत भरून स्वयंपाकिणीनं घरासाठी आणली होती, वाळवून पुढं कित्येक दिवस ओंजळ-ओंजळ पुरवायला. ताईचं लक्ष नेमकं त्या बादलीवर गेलं. "एकच ओंजळ हं, ताई. जास्त सोसत नाही तिला," स्वयंपाकीण म्हणाली. ताईनं "हो हो" म्हणत बादलीच उचलली. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

चष्मेवाली पहिल्यांदा पुढं झाली. हातावर भाताचा गोळा घेऊन तिनं हात लांब केला, म्हशीनं खरखरीत जीभ बाहेर काढली, आणि चष्मेवाली असली किंचाळली की कोंबड्या छपरावर गेल्या. दुसरी गेली, तीही गोळा टाकून पळाली. एक धट्टाकट्टा मुलगा गेला आणि परतताना पडला. मग कोणी पुढं होईना. म्हैस दाव्याला ताण देऊन मान लांबवत होती, तिच्या तोंडाची लाळ जमिनीपर्यंत लोंबत होती.

"कोणीच नाही? एवढी भित्री तुकडी?" ताई म्हणाली.

टिटवी ओळीतून बाहेर आली. बादलीत हात घालून तिनं मोठा गोळा काढला आणि सरळ म्हशीच्या तोंडात दिला, मनगटापर्यंत. म्हशीनं तिचा हात चाटून पुसून काढला. चष्मेवालीच ओरडली, "बाप रे! वाघीण आहे ही!" आणि टाळ्या सुरू झाल्या.

टिटवीनं वर पाहिलं. आपल्यासाठी वाजतायत हे तिला कळायला जरा वेळ लागला. तिनं दुसरा गोळा घेतला. "वाघीण! वाघीण!" पोरं तालावर ओरडायला लागली. तिसरा गोळा घेताना तिचा हात थबकला. बाप काय सांगतो ते तिला पाठ होतं. गोळा हातात धरून तिनं मान वळवली आणि पोरांच्या डोक्यांवरून चुलीकडं पाहिलं, आईकडं.

स्वयंपाकिणीच्या तोंडाशी "पुरे" आलं होतं. पण पुरे म्हणायचं म्हणजे ओरडायचं, ओरडायचं म्हणजे आई म्हणून ओरडायचं, आणि मग ही वाघीण स्वयंपाकिणीची पोर आहे, ही तिच्याच घरची म्हैस आहे, म्हणून ही घाबरत नाही, हे सगळं उघडं पडणार. टाळ्या तिथंच थांबणार. पोर पुन्हा कडेच्या अंथरुणावर जाणार. एवढंसं तर आहे, तिनं मनाशी म्हटलं, आणि पोटुशी आहे बिचारी, खाऊ दे एक दिवस पोटभर. ती पोरीकडं बघून हसली आणि तिनं मान डोलावली.

टिटवीनं गोळा म्हशीच्या तोंडात दिला. त्यानंतर तिनं आईकडं पाहिलं नाही. बादली रिकामी झाली तेव्हा पोरींनी तिला मध्ये घेतलं होतं, चष्मेवालीनं तिच्या गळ्यात हात टाकला होता आणि ती खदखदून, घरी हसायची तशी हसत होती. स्वयंपाकिणीला इतका आनंद झाला की तिला चुलीचा धूर डोळ्यांत गेल्याचं निमित्त करावं लागलं.

मग तिनं घाईघाईनं बादली घासून भिंतीशी पालथी घातली.

गवळी परतला तो थेट गोठ्यात गेला. "काही घातलं नाही ना कोणी?"

"एक ओंजळ घातली पोरांनी," ती म्हणाली आणि भात वाढायला लागली.

तंबूशाळेतलं संध्याकाळचं जेवण उरकून ती घरी आली तेव्हा म्हैस रवंथ करत नव्हती. मान खाली घालून उभी होती आणि दात खात होती, करकर आवाज दारापर्यंत येत होता. डावी कूस ताणून नगाऱ्यासारखी झाली होती. गुरांचा डॉक्टर दुसऱ्या गावाला गेला होता, सकाळी येईन असा निरोप होता. गवळ्यानं तेल पाजलं, कूस चोळली, तिला चालवायला बघितलं. चार पावलं चालून ती झिंगल्यासारखी झाली आणि गुडघ्यांवर बसली. तिच्या तोंडाला आंबूस वास मारत होता. गवळ्यानं जबडा उघडून घशाकडं हात घातला आणि बाहेर काढला, तर बोटांना भाताचा लगदा.

"हा एका ओंजळीचा भात आहे?"

"मी चुलीपाशी होते," ती म्हणाली. "पोरांनी काय घातलं, मी नाही बघितलं."

म्हातारी नुसती सुनेकडं बघत राहिली, आणि मग पालथ्या घातलेल्या बादलीकडं.

उजाडता उजाडता म्हैस आडवी झाली. पाय ताणले, एकदा हंबरायला गेली आणि नुसती हवा बाहेर आली. डोळे तसेच उघडे राहिले. ती गेल्यावरही तिच्या पोटात काहीतरी हलत होतं. कातडीखालून एक लहानसा उंचवटा वर यायचा, सरकायचा, पुन्हा खाली जायचा. गवळी त्यावर दोन्ही हात ठेवून बसला, ते थांबेपर्यंत. मग तो उठला आणि तोंडसुद्धा न धुता टेकडीच्या वाटेला लागला. स्वयंपाकीण त्याच्या मागून पळत निघाली. तिला न्याहारीही करायची होती.

तुकडीचा तो जायचा दिवस. पोरं पटांगणात गोल करून बसली होती आणि आपण काय शिकलो ते एकेक जण उभं राहून सांगत होतं. चढावर असतानाच स्वयंपाकिणीच्या कानावर ओळखीचा आवाज आला. टिटवी बोलत होती. स्वच्छ, खणखणीत, आपल्या खऱ्या आवाजात. "मला आधी सगळ्यांसमोर बोलायला भीती वाटायची. इथं मला मैत्रिणी मिळाल्या. आता मला कुणाची..."

बाप पटांगणात शिरला आणि ती थांबली.

"म्हशीला बादलीभर भात कोणी घातला?" गवळ्यानं विचारलं. त्याच्या हाताला अजून लाळ आणि तेल होतं.

पोरांना वाटलं शाबासकी द्यायला आला आहे. चष्मेवालीनं टिटवीचा हात धरून वर केला. "हिनं, काका! एकटीनं! आम्ही सगळे घाबरलो, ही नाही घाबरली!" आणि पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबेपर्यंत गवळी पोरीकडं बघत उभा होता. "म्हैस मेली," तो म्हणाला. "पोटातल्यासकट."

मोठे सर घाईनं पुढं आले. "अरेरे! वाईट झालं. पण गवळीदादा, तुमचीच मुलगी ना ही? तिला तर कळायला हवं होतं. आमच्या मुलांना काय माहीत असणार?"

"तुमची मुलगी?" चष्मेवाली म्हणाली आणि तिनं टिटवीचा हात सोडला.

गवळी स्वयंपाकघराच्या दाराकडं वळला, त्याच्या मागून धावत आलेली बायको तिथं उभी होती. "आणि तू कुठं होतीस?"

सगळी पोरं तिकडं वळली. टिटवीही वळली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती आईकडं भरवशानं बघत होती, जसं काल बघितलं होतं.

"मी चुलीपाशी होते," स्वयंपाकीण म्हणाली. "मला काय माहीत?"

गवळ्याचा हात त्या वेळी सुटला. पहिल्या थपडेला टिटवी खाली बसली, दुसरी पाठीत बसली. ती रडली नाही. मोठे सर ओरडले, "अहो, मुलांसमोर हे नको! ताई, मुलांना आधी आत घ्या!" शिट्टी वाजली. ताईनं मुलांना ओळीनं जेवणाच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. पटांगणात टिटवी आणि तिचा बाप एवढेच राहिले, आणि तो पुन्हा हात उगारत होता.

त्या दुपारी म्हैस ओढत ओढ्यापलीकडं नेली. बापानं टिटवीच्या हातात मागच्या पायाचा दोर दिला. "भरवलंस ना? आता ओढ." ती तळहात सोलून निघेपर्यंत ओढत होती. तिची रोजची शाळाही त्याच दिवसापासून बंद झाली. घरात दूध येणार नव्हतं, तेव्हा बसून खाणारं तोंड परवडणार नव्हतं, हे म्हातारीनंही मान्य केलं.

मोठे सर मनानं वाईट नव्हते. त्यांनी गवळ्याला तंबूंमागं संडासाचे खड्डे खणायचं काम दिलं आणि टिटवीला स्वयंपाकघरात भांड्यांना घेतलं. नवी तुकडी आली. नवी पोरं पालीला बघून किंचाळली, आयांसाठी रडली आणि हळूहळू माणसात यायला लागली. स्वयंपाकीण त्यांच्याकडं खिडकीतून बघायची नाही. ती फोडणी बघायची.

टिटवी घरीदारी जेवढ्यास तेवढं बोलायची. एका दुपारी दोघी मोरीपाशी बसून पातेली घासत होत्या. राखेनं टिटवीच्या हातांच्या भेगा उलल्या होत्या. पटांगणातून टाळ्या ऐकू आल्या, कोणीतरी काहीतरी जिंकलं असावं. स्वयंपाकिणीला राहवलं नाही.

"तू बाबांना सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"मी बघत होते ते. तू माझ्याकडं बघितलंस आणि मी हसले ते."

टिटवीनं पातेल्याचा करपलेला तळ खरवडला. मग मान वर करून आईच्या डोळ्यांत बघितलं. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

"सांगून काय झालं असतं? तुलाही बसली असती. मग स्वयंपाक कोणी केला असता?"

"पुढं कधी सांगशील?"

"नाही."

"कधीच?"

"ते पातेलं दे इकडं."

स्वयंपाकिणीनं पातेलं सरकवलं. तिला त्या वेळी पोरीला जवळ घ्यायला हवं होतं. निदान लाज तरी वाटायला हवी होती. ती वाटली, आणि पुढं वर्षानुवर्षं वाटत राहिली. पण त्या दुपारी, सगळ्यात आधी, तिला सुटल्यासारखं वाटलं.